पातं मी काढलं होतं

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या महिन्यात फोनवर तुमच्यापैकी मोठीने विचारलं, "आजी, त्या फोटोत आईच्या हातात एकच स्की का आहे? दुसरी हरवली का?" मी म्हटलं, हरवली नाही, बोटीला बांधलेली दोरी धरून ती पाण्यावर एकाच स्कीवर चालायची. त्यावर तू म्हणालीस, "पण आई तर म्हणते, तिला पाण्याची भीती वाटते." तुमच्याकडच्या तळ्यावर तू या उन्हाळ्यात शिकायला लागली आहेस आणि आईची जुनी स्की तुला हवी आहे, हेही तेव्हाच सांगितलंस. स्की पाठवायची तर आधी माळ्यावरून काढावी लागणार होती. काढली. ती घेऊन मी एका माणसाकडे गेले. तिथे जे ऐकून आले, त्यामुळे हे लिहायला बसले आहे.

तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मला इंग्रजी बरं येतं. शाळा-कॉलेज त्याच भाषेत झालं, पुढे कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्याच भाषेत शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही आपापल्या खोलीत वाचलं असतंत आणि जेवायच्या वेळेपर्यंत विसरलाही असतात. मराठीत लिहिलं की तुमच्या आईला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. मला तेच हवं आहे. फोनवर तिला सरळ सांगायचा प्रयत्न मी पुष्कळदा केला आणि दरवेळी तुमच्याकडे थंडी किती आहे, हे विचारून फोन ठेवला.

तेव्हा तिला शेवटपर्यंत वाचायला लावा. मध्ये थांबली तर पाणी द्या.

मुळशीला धरणाच्या पाण्याकाठी हे घर तुमच्या आजोबांनी बांधलं, तेव्हा तुमची आई बारा वर्षांची होती. आम्ही राहायचो पुण्यात, शनिवार-रविवार इथे. तेव्हा बावधन मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं लागायची. आजोबांनी एक जुनी बोट घेतली आणि बोटीच्या मालकाने सोबत स्कीचा जोड दिला. चौदाव्या वर्षी तुमची आई दोन स्कींवर उभी राहिली, सोळाव्या वर्षी एकीवर. मग तिच्यासाठी खास एका पट्टीची, वळणं घ्यायची स्की आणली. तीच ही.

या स्कीवर दोन्ही पाय एकामागे एक असतात. पुढचा पाय रबरी बुटात घट्ट बसतो, साबणाचं पाणी लावल्याशिवाय आत जातच नाही. मागच्या पायाला नुसता पट्टा असतो. बूट एका पत्र्यावर बसवलेला असतो आणि तो पत्रा स्क्रूंनी स्कीवर. स्कीवर भोकांची रांग असते. बूट एक भोक पुढे सरकवला की स्कीचं नाक पाण्यात जास्त बुडतं आणि वळण लवकर येतं. मागे सरकवला की नाक वर राहतं, स्की सरळ पळते, वळायला आळस करते. हे झालं वरचं. खाली, अगदी शेपटीजवळ, धातूचं एक पातं उभं बसवलेलं असतं. त्याला फिन म्हणतात. वळताना शेपूट घसरू नये म्हणून ते पाण्याला धरून ठेवतं. ते बारीक स्क्रूंनी आवळलेलं असतं आणि स्क्रू ढिले केले की थोडंसं मागेपुढे, खालीवर, तिरकं होतं. थोडंसं म्हणजे किती? वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकं हललं तरी पायाला कळतं.

असं मोजमापाचं काम घरात आलं की ते कोणाकडे येणार, हे ठरलेलंच होतं. मी माझा स्वतःचा व्हर्नियर आणला. ती सरकत्या जबड्याची पोलादी मापपट्टी, जिने मिलिमीटरचा दहावा भाग मोजता येतो. एक लांब वही घातली. तिच्यात तारीख, वारा, बूट कितव्या भोकात, पात्याची स्कीबाहेर राहिलेली लांबी, खोली, शेपटीपासूनचं अंतर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहायची, मगच दुसरी. पाण्यावर असताना मी बोटीत मागे तोंड करून बसायचे, मांडीवर वही घेऊन. बोट चालवणाऱ्याला पुढे बघावं लागतं, म्हणून पडलेल्या माणसाकडे बघायला एक जण लागतोच. मी बघायचे आणि लिहायचे.

बोट चालवायला आजोबांनी एक माणूस ठेवला होता. पलीकडच्या डोंगरावरच्या वाडीतला. वयाने माझ्याएवढाच असेल, तरी घरात सगळे त्याला अरे-तुरे करायचे, मीसुद्धा. फक्त तुमची आई त्याला मामा म्हणायची. इथून पुढे मी त्यांना अहो-जाहो करून लिहिणार आहे. फार उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे.

त्यांच्या आज्याची भातखाचरं याच पाण्याखाली होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठला बांध कुठे वर येतो, हे त्यांना पाठ होतं. बोट तिथून लांबून न्यायचे. एकदा तुमची आई म्हणाली, "मामा, मी तुमच्या शेतावरून स्की करते." ते म्हणाले, "कर की. नांगराबिगर तास पडतंय बग मागं." तिला हे इतकं आवडलं, की दिवसभर ती स्वतःला नांगरणीचा बैल म्हणवून घेत होती.

त्यांना मोजता येत नव्हतं, असं मी मानत होते. त्यांच्यासमोर एक छोटा आरसा होता, त्यात ते दोरीच्या टोकाशी उडणारा फवारा बघायचे.

"बाई, शेपूट सुटतंय."

"कशावरून?"

"फवारा बगा की. उजव्या वळनाला फाटतुया. डाव्याला न्हाई फाटत."

मी वहीत लिहायचे, 'वाऱ्यामुळे'. आणि पुढच्या आठवड्यात मोजून बघितलं की त्यांचंच खरं निघायचं.

एका शनिवारी आम्ही आलो आणि तुमच्या आईने अशी वळणं घेतली, की आजोबा काठावर टाळ्या वाजवत उभे राहिले. मी स्की उलटी करून मोजली. पातं वहीतल्या जागेवर नव्हतं. केसभर पुढे होतं.

"हे कोणी हलवलं?"

"म्या," ते म्हणाले. त्यांच्या पत्र्याच्या डब्यात त्या स्क्रूंच्या किल्ल्या असत. "सुटत व्हतं न्हवं का? जरा म्होरं घेतलं."

"जे माझ्या वहीत नाही, ते स्कीवर असता कामा नये."

"मग वहीत लिवा की, बाई."

आजोबा हसले. तुमची आई तर पाण्यातच हसत बसली. मी हसले नाही. मी लिहिलं. त्यानंतर दोन वर्षं पात्याचा आकडा बदलावा लागला नाही. वहीतलं सगळ्यात चांगलं माप त्यांचं आहे. मी फक्त ते उतरवून घेतलं.

तुमची आई एकोणीस वर्षांची असताना राज्याच्या संघाची निवड चाचणी ठरली, परगावी एका तलावावर, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. तिला आयुष्यात दुसरं काहीही इतकं हवं होतं, असं मला आठवत नाही.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, शिवणयंत्र, आजोबांची पान्यांची पेटी, सगळं घासून-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही. पूजेपुरता सगळ्यांचा मान सारखा, म्हणून माझा व्हर्नियरही पाटावर असायचा. त्या वर्षी मी स्कीही ठेवायची ठरवली. इतक्या मोठ्या चाचणीआधी ती पूजेशिवाय कशी राहील? पण पात्यावर धरणाच्या पाण्याचा पांढरा थर चढला होता. मला मळकं काही पाटावर ठेववेना. आदल्या संध्याकाळी मी चिंचेचा कोळ घेतला आणि किल्ली मागितली.

ते बोटीवर ताडपत्री घालत होते. दसऱ्याला वाडीवर जायचं होतं त्यांना. माझ्या हातात किल्ली देऊन तिथेच उभे राहिले.

"पातं कशापायी काढताय, बाई? बसलंय त्ये बसू द्या की."

"पूजेला मळकं ठेवायचं?"

"देव मळक्यालाबी पावतो. पानी न्हाई पावत."

"माप आहे माझ्याकडे. होतं तिथेच बसेल."

"मग जायच्या आदी ताईला एक चक्कर मारू द्या. दोरी हातात आल्याबिगर कळत न्हाई."

"तिचे पाय दोन दिवस विश्रांतीला ठेवायचेत. आणि तू वाडीला जाणार आहेस ना? जा."

ते गेले. मी पातं काढलं, चिंचेने घासलं, आरशासारखं झालं. नवमीला स्की, शेजारी पातं, त्याशेजारी व्हर्नियर अशी ओळीने पूजा केली. दसऱ्याला सकाळी व्हर्नियर उचलला, पदराने पुसला, पातं बसवलं, लांबी जबड्यांत धरून मोजली, मग मागच्या सळईने खोली आणि शेपटीपासूनचं अंतर. स्क्रू आवळले. वहीत तीन आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते वाडीवरून आले. त्यांनी स्की गाडीच्या टपावर बांधली आणि आमच्याबरोबर निघाले.

चाचणीत पाण्यावर सहा बोया, म्हणजे तरंगते गोळे, नागमोडी मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीला बाहेरून वळसा घालायचा असतो. मी काठावर होते, ते माझ्या शेजारी. पहिली बोय झाली. दुसरीला फवारा जरा जास्त उंच उडाला, असं मला वाटलं. तिसरीला ते हलक्या आवाजात म्हणाले, "सुटलं." तुमची आई अजून उभी होती. पुढच्या क्षणी ती नव्हती.

मागचा पाय पट्ट्यातून निघाला, पुढचा बुटात अडकून राहिला आणि स्की त्या पायासकट फिरली. गुडघ्यातला स्नायुबंध फाटला. पाण्यात उडी मारून तिला काठावर आणणाऱ्यांत ते पहिले होते.

तिला दवाखान्यात नेल्यावर तलावावरच्या एका प्रशिक्षकाने स्की उलटी करून स्वतःच्या मापपट्टीने मोजली. खोली जुळली, अंतर जुळलं, लांबी जुळेना. वहीतल्यापेक्षा कमी भरली. प्रशिक्षक आजोबांना म्हणाले, "दोन पट्ट्यांमध्ये एवढा फरक नसतो. कोणीतरी स्क्रू हलवलेत."

चार दिवसांनी इथे ओसरीवर आजोबांनी तुमच्या आईच्या त्या मामांना समोर उभं केलं. तुमची आई आतल्या खोलीत, पाय प्लास्टरमध्ये. दार उघडं होतं.

"किल्ल्या कोणाच्या डब्यात असतात?"

"माझ्या."

"स्की टपावर कोणी बांधली?"

"म्या बांधली, साहेब."

"मागेही तू न विचारता फिरवलं होतंस."

"तवा बराबर फिरवलं व्हतं. ह्ये म्या न्हाई केलं."

आजोबा माझ्याकडे वळले. "तू माप घेतलं होतंस ना?"

"दसऱ्याला सकाळी," मी म्हटलं. "वहीत आहे."

"बघ. वही खोटं बोलते का?"

त्यांनी वहीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "वही न्हाई बोलत, साहेब," ते म्हणाले.

तेवढ्यात आतून तुमच्या आईचा आवाज आला. "बाबा, मामांना जायला सांगा. मला त्यांचा आवाजसुद्धा नकोय."

इतका वेळ ते ताठ उभे होते. तिचा आवाज ऐकला आणि पायात चपला न घालता पायऱ्या उतरले. चपला दोन दिवस तिथेच होत्या.

आजोबांनी तेवढ्यावर सोडलं नाही. पाण्याकाठी आणि कासार आंबोलीकडे ज्यांचे ज्यांचे बंगले होते, त्या सगळ्यांना त्यांनी शनिवार-रविवारच्या गप्पांमध्ये हे सांगितलं. सभ्य भाषेत सांगितलं, त्यामुळे ते जास्त पटलं. मामांच्या हाती पुन्हा कोणी बोट दिली नाही.

तोवर मलाही तेच खरं वाटत होतं. एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने लिहून ठेवते. पुढचं काहीही माझ्या बाजूचं नाही.

दिवाळीच्या आधी मी कपाट आवरायला काढलं. व्हर्नियर डबीत ठेवायचा म्हणून जबडे मिटले. मिटले नाहीत. दोन्हींच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. मी चष्मा लावून खिडकीशी गेले. एका जबड्याच्या आतल्या कडेला लाल खपली होती. पूजेचं ओलं हळदकुंकू आत ओघळून वाळलं होतं. मी पुसलं होतं ते बाहेरून.

दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांच्या पहिल्या तासाला मी एकच गोष्ट शिकवायचे. मोजायच्या आधी जबडे मिटा. शून्यावर शून्य येतं का बघा. येत नसेल तर तेवढी चूक जबड्यांत धरलेल्या प्रत्येक मापात शिरते. याला झीरो एरर म्हणतात. ज्या मुलांना ते आठवायचं नाही, त्यांना मी वर्गाबाहेर उभं करायचे. दसऱ्याच्या सकाळी मी स्वतः जबडे मिटून बघितले नव्हते. माझी वस्तू, माझी पूजा, माझी वही. त्यात चूक कुठून येणार?

मी तिथेच उभ्या उभ्या ती फट वाचली. प्रशिक्षकांना लांबीत जेवढा फरक सापडला होता, तेवढीच होती.

मग मी नखाने ती खपली खरवडली. जबडे मिटले. शून्यावर शून्य आलं. व्हर्नियर डबीत ठेवला आणि डबी कपाटात.

इथे तुमची आई थांबली असेल. थांबू द्या तिला. मग पुढे वाचा म्हणावं.

आजोबा ओसरीवर पेपर वाचत होते. तू, माझी मुलगी, दहा पावलांवर पलंगावर होतीस. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी ती बोलले नाही, कारण तू त्या माणसाचा राग करतेस हे मला सोसवत होतं आणि तू माझा राग करशील हे सोसवलं नसतं. दुसरं कारण शोधायला मला वीसहून जास्त वर्षं मिळाली. सापडलं नाही.

तीन दिवसांनी ते फाटकाशी आले. हातात निरगुडीच्या पाल्याची जुडी होती.

"बाई, पलस्तर निगालं की ताईच्या गुडघ्याला गरम करून बांधा. सूज उतरंल."

"साहेब घरात नाहीत," मी म्हटलं.

"साहेबाकडं न्हाई आलो." जुडी त्यांनी फाटकाच्या खांबावर ठेवली. मग म्हणाले, "पातं तुमी काढलं व्हतं, बाई."

आरोप केल्यासारखं नाही. बोटीतून 'शेपूट सुटतंय' म्हणायचे, तसंच. दिसलं ते सांगितल्यासारखं.

"साहेब आले की सांगते," मी म्हटलं. काय सांगणार होते, ते त्यांनी विचारलं नाही. वळून गेले. ती जुडी मी पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकली. तुमच्या आईला ती आली होती हेही कळू दिलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त कारणं माहीत नाहीत. गुडघा बरा झाला. तुमची आई शिकायला परदेशी गेली आणि पुन्हा पाण्यात उतरली नाही. तिला पाण्याची भीती वाटते, हे खरं नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी ती मला म्हणाली होती, "पडण्याचं काही नाही गं आई. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, यावर आता विश्वास बसत नाही." हे माझ्या तोंडावर बोलली आणि मी तिच्या ताटात पोळी वाढली. आजोबांनी बोट विकली. तीन वर्षांपूर्वी ते गेले. शेवटच्या आजारातही एकदा म्हणाले, "त्या माणसाने पोरीचं वाटोळं केलं." मी त्यांची उशी नीट केली.

आता गेल्या महिन्याचं. माळ्यावरून स्की काढली तर बुटाचं रबर दगड झालेलं आणि पात्यावर पुन्हा पांढरा थर. मी किल्ली घेऊन बसले आणि मला स्क्रूला हात लावता येईना. मामा जवळच्या रिहे गावात मुलीकडे असतात, हे दूधवाल्याकडून कळलं होतं. रिक्षा केली, स्की मागे आडवी टाकली आणि गेले.

पायरीवर बसून टोपलीचा उसवलेला काठ बांधत होते. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी जवळ जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही.

"कोन हाय?"

"मी. धरणावरची बाई."

"या." हातातलं काम थांबलं नाही. "साहेब गेल्याचं कळलं व्हतं."

"तुम्ही कसे आहात?"

"आता अहो-जाहो व्हय?" ते हसले. "म्हातारपनाचा येवढा तरी फायदा झाला म्हनायचा. बरा हाय. फारमहाऊसवर झाडांना पानी घालत व्हतो आत्तापत्तूर. म्हंजी पान्यातच नोकरी केली. फकस्त पाइपाच्या."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कुंकू, जबडा, नख, कपाट, पाल्याची जुडी. क्रमाने सांगितलं, मला तसंच येतं. ते टोपलीचा काठ बांधत राहिले.

"साहेबांना सांगितलं व्हतं?"

"नाही."

"ताईला?"

"नाही."

"मग मला कशाला सांगताय?" आता त्यांनी टोपली बाजूला ठेवली. "म्या न्हाई केलं ह्ये मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाई, त्यास्नी सांगा की."

आतून त्यांच्या मुलीने चहा आणला. मला बसायला सांगितलं ते तिने, त्यांनी नाही. मी म्हटलं, नातीला स्की पाठवायची आहे, एकदा बघाल का? रिक्षावाल्याने ती आणून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवली. त्यांनी ती उलटी केली, अंगठा पात्याच्या पुढच्या टोकाशी नेला, मग मागच्या. चष्माही लावला नाही.

"ह्ये अजून तितंच हाय," ते म्हणाले. "तुमी बसवलं व्हतं तितं. कुनी हलवलंच न्हाई."

खरंच, त्या चाचणीनंतर स्की नुसती बांधून ठेवली होती. मी किल्ली पुढे केली. "तुम्ही बसवा. बरोबर जागेवर."

त्यांनी हात मागे घेतला. "न्हाई, बाई. एकदा हात न लावता डाग लागला. आता न्हाई लावनार." मग स्कीकडेच बघत म्हणाले, "ताई येती का कदी?"

"दोन-तीन वर्षांतून एकदा."

"पाय दुकतो का?"

मी कधी विचारलं नाही.

नाती, तुझ्यासाठी एवढं. बूट नवा घे, आईचा तुला होणार नाही. तो मधल्या भोकाच्या एक भोक मागे लावून सुरुवात कर आणि पाय बसल्यावर मग पुढे ये. एका वेळी एकच गोष्ट बदल. पातं मोजायच्या आधी जबडे मिटून उजेडात धर. आणि मापावर विसंबून राहू नकोस. बोटीतला माणूस शेपूट सुटतंय म्हणाला तर ते ऐक, मग तो तुझ्यासारखं बोलत असो वा नसो.

स्की वहीसकट बांधून ठेवली आहे, या आठवड्यात निघेल. पातं मी हलवलेलं नाही. ते कुठे न्यायचं ते तुमच्या आईने ठरवावं. मामांचं माप वहीत आहे, तिच्या ओळखीच्या पानावर. दसऱ्याच्या पानावर तिन्ही खुणा तशाच आहेत, लांबीपुढचीसुद्धा. व्हर्नियर माझ्या कपाटात आहे. ते स्वतः रिह्यात आहेत, चालतेबोलते आहेत, आणि सकाळी पायरीवर बसलेले असतात.